भूल देणारी परिचारिका आणि तिच्या नावाचे बिल

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यात दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. ज्यांना तेवढे गुण नसतात त्यांच्या घरी आखाताचा विषय निघतो, आणि मुलगी असेल तर स्थळाचा. एखाद्या मुलीने नर्सिंगचे नाव काढले तर घर गप्प होते. रात्रपाळी, परक्या माणसांची सेवा, आणि एवढे करून शेवटी डॉक्टरच्या हाताखालीच राहायचे, असे तीन आक्षेप मी पालकांच्या तोंडून पुष्कळ वेळा ऐकले आहेत. पहिल्या दोहोंबद्दल पुढे थोडे बोलेन. आज मला मुख्यतः बोलावयाचे आहे ते तिसऱ्या आक्षेपाविषयी.

त्यासाठी मी एक असा व्यवसाय निवडला आहे की जो आपल्या देशात त्या स्वरूपात नाही. तो अमेरिकेत आहे. त्याला तिकडे नर्स अॅनेस्थेटिस्ट म्हणतात. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला भूल देणारी, आणि तो शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या श्वासाची, नाडीची आणि रक्तदाबाची राखण करणारी ही परिचारिका. ती आपल्या कामाचे बिल स्वतःच्या नावाने विमा योजनेकडे पाठविते आणि योजना ते मान्य करते. तुम्ही म्हणाल, यात एवढे काय? पण नर्स या शब्दापासून 'स्वतःच्या नावाने' या शब्दांपर्यंत यायला त्या व्यवसायाला शंभरावर वर्षे लागली. ती कशी गेली हे पालकांनी ऐकावे आणि मुलींनी तर नीट लक्ष देऊन ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका रोग्याला ईथरची वाफ हुंगवली आणि वेदनेवाचून शस्त्रक्रिया होऊ शकते हे जगाला दिसले. ईथर आले खरे, परंतु ते द्यावयाचे कोणी, हे ठरलेले नव्हते. शल्यविशारद चाकू चालवी, आणि ईथरचा रुमाल धरावयाला एखादा नवशिका डॉक्टर किंवा विद्यार्थी उभा केला जाई. त्याला भुलीत रस नसे. त्याचे डोळे शस्त्रक्रियेकडे, कारण शिकण्यासारखे सारे तेथे. रोग्याचा चेहरा निळा पडू लागला तरी त्याच्या ध्यानात ते उशिरा येई. अशा रीतीने पुष्कळ माणसे दुखण्याने मरण्याऐवजी भुलीने मेली.

तेव्हा काही जाणत्या शल्यविशारदांनी असा माणूस शोधावयास सुरुवात केली की जो शस्त्रक्रियेकडे पाहणारच नाही, केवळ रोग्याकडे पाहील. तो त्यांना परिचारिकांमध्ये सापडला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईरी गावच्या इस्पितळात सिस्टर मेरी बर्नार्ड या जोगिणीने १८७७ मध्ये हे काम हाती घेतले. याच कामाला वाहून घेणारी पहिली परिचारिका म्हणून तिचे नाव घेतात. पुढे मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे, मेयो बंधूंच्या हाताखाली अॅलिस मॅगॉ ही परिचारिका भूल देऊ लागली. तिने १९०६ साली आपल्या चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा छापला. त्यांत भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. तिची रीत अशी की ईथर थेंबाथेंबाने सोडावयाचे आणि तोवर रोग्याशी हलक्या आवाजात बोलत राहावयाचे. भीती कमी झाली की औषधही कमी लागते. (वर्गात हातात छडी घेऊन शिरणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही हे लागू पडते, पण तो विषय आजचा नाही.)

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट हेरून ठेवावी. मॅगॉ चांगले काम करीत होती, एवढ्यावर ती थांबली नाही. तिने प्रत्येक भुलीची नोंद ठेवली आणि ती छापली. चांगले काम करणाऱ्या बायका आपल्याकडेही घरोघरी आहेत, पण नोंद कोणाकडे आहे?

भूल आणि नोंद यांचा विषय निघाला म्हणून आपल्या बाजूची एक आठवण सांगतो. क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाने हृदय आधी थांबते की श्वास आधी थांबतो, असा वाद त्या काळी जगभर चालू होता. त्याचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ या सालांत दोन आयोग बसले ते हैदराबादेत, आणि त्यांचा खर्च निजाम सरकारने उचलला. आजचा मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. लंडनहून नामांकित डॉक्टर हैदराबादेत येऊन प्रयोगाला बसले. आयोगाचा निष्कर्ष पुढील संशोधनाने चुकीचा ठरला ही गोष्ट वेगळी. त्याच हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी बाई क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत, आणि भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते. म्हणजे आपल्या मातीला हा विषय परका नाही.

अमेरिकेतील परिचारिकांचे काम वाढले तसा डॉक्टरांचा विरोधही वाढला. भूल देणे ही वैद्यकी आहे, आणि परिचारिका वैद्यकी करते म्हणजे कायदा मोडते, असे म्हणून प्रकरणे न्यायालयात गेली. केंटकी राज्यात १९१७ साली आणि कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९३६ साली निकाल परिचारिकांच्या बाजूने लागले. शल्यविशारदाच्या देखरेखीखाली भूल देणे हे परिचर्येचेच काम आहे, असे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने सांगितले. दरम्यान क्लीव्हलँड येथील अॅगाथा हॉजिन्स या परिचारिकेच्या पुढाकाराने १९३१ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. खटला जिंकल्यावर जल्लोष करून या बायका घरी बसल्या असत्या तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. त्यांनी स्वतःवर परीक्षा लादून घेतली. १९४५ पासून राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, आणि १९५६ पासून उत्तीर्ण होणाऱ्यांना 'सर्टिफाइड रजिस्टर्ड नर्स अॅनेस्थेटिस्ट' ही पदवी लावण्याचा अधिकार मिळाला. थोडक्यात तिला सीआरएनए म्हणतात.

आज ही पदवी मिळवावयाची तर वाट बरीच लांब आहे. प्रथम नर्सिंगची पदवी, साधारण चार वर्षांची. मग परिचारिका म्हणून परवाना मिळण्याची परीक्षा. त्यानंतर अतिदक्षता विभागात किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव, आणि प्रवेशासाठी चुरस असल्याने पुष्कळ जणींचा तो दोन-तीन वर्षांचा होतो. श्वासयंत्रावरचा रोगी जिने सांभाळला नाही तिला भुलीच्या वर्गात घेतच नाहीत. नंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना तो डॉक्टरेट दर्जाचाच घ्यावा लागतो. त्या काळात किमान दोन हजार तास प्रत्यक्ष काम आणि किमान सहाशे भुली विद्यार्थ्याच्या नावावर नोंदल्या जाव्या लागतात. शेवटी राष्ट्रीय परीक्षा, राज्याचा परवाना, आणि पुढे ठराविक मुदतीने प्रमाणपत्राचे नूतनीकरण. हिशेब केलात तर बारावीनंतर आठ-नऊ वर्षे होतात. आपल्याकडे 'नर्सिंग म्हणजे डॉक्टरकी हुकलेल्यांचा कोर्स' असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बोटांवर करून पाहावा. मिळकत विचाराल तर या व्यवसायातील मधली कमाई वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर आहे. आणखी एक गंमत सांगतो. तिकडे एकंदर परिचर्येत पुरुष थोडे, दहात एखादा. पण भूल देणाऱ्यांत ते सुमारे चार-दहांश आहेत. तेव्हा मागच्या बाकांवरच्या मुलांनी हा विषय मुलींचा समजून गप्पा मारीत बसू नये!

आता विम्याकडे येतो. विमा शरीयतीच्या दृष्टीने कसा, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर उलेमांनी द्यावे, त्यांच्यातही त्यावर मतभेद आहेत, आणि मी शिक्षक आहे. विमा घ्या किंवा घेऊ नका असे सांगण्यासाठी मी उभा नाही. पैसे देण्यापूर्वी विमा योजना एका परिचारिकेची लायकी कशी तपासते, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर नावाची केंद्र सरकारची योजना १९६५ च्या कायद्याने आली. डॉक्टरला त्यातून आपल्या नावाने मोबदला मिळे. भूल देणाऱ्या परिचारिकेचा पगार मात्र इस्पितळाच्या खर्चात धरला जाई. म्हणजे ती झाडू, पट्ट्या, चादरी यांच्याच खात्यात! जोवर इस्पितळाला झालेला खर्च भरून मिळत होता तोवर हे चालून गेले. १९८३ मध्ये सरकारने पद्धत बदलली आणि प्रत्येक दुखण्यामागे इस्पितळाला एक ठराविक रक्कम द्यावयाचे ठरविले. आता परिचारिका ठेवली तर तिचा पगार या ठराविक रकमेतून जाणार, आणि भूल डॉक्टरने दिली तर त्याचे बिल सरकार वेगळे देणार. कोणताही हिशेबनीस काय सल्ला देईल ते तुम्हीच सांगा. परिचारिकेचे काम वाईट म्हणून तिला कोणी काढणार नव्हते, पण हिशेबाच्या वहीत तिला स्वतंत्र रकाना नव्हता म्हणून ती जाणार होती.

तिच्या संघटनेने हे वेळीच ओळखले. काही काळापुरती सवलत मिळाली, आणि १९८६ च्या कायद्याने परिचारिकेला थेट मोबदला मान्य झाला. १ जानेवारी १९८९ पासून तो अमलात आला. परिचर्येच्या कोणत्याही शाखेला मेडिकेअरकडून असा थेट मोबदला मिळण्याची ती पहिलीच वेळ. हे कसे साधले? मोर्चाने साधले असते तर मोर्चे पुष्कळ निघतात. त्यांच्याकडे परीक्षा होती, नोंदवही होती, न्यायालयांचे निकाल होते आणि कित्येक दशकांचे काम होते. कायदा करणाऱ्यासमोर ठेवावयाला कागद होता.

मोबदल्याचे गणित सातवीच्या मुलाला जमेल इतके सोपे आहे. प्रत्येक प्रकारच्या भुलीला काही मूळ गुण ठरलेले असतात. पित्ताशय काढावयाचे तर सात. मग वेळेचे गुण, दर पंधरा मिनिटांना एक. शस्त्रक्रिया तासभर चालली तर चार. एकूण अकरा. एका गुणाचा मेडिकेअरचा दर अलीकडच्या वर्षांत वीस डॉलरच्या आसपास आहे, म्हणून रक्कम सुमारे दोनशेवीस डॉलर. ठराविक वार्षिक रक्कम रोग्याने स्वतः भरून झालेली असेल तर पुढच्या खर्चातील ऐंशी टक्के योजना देते आणि वीस टक्के रोगी. भूलतज्ज्ञ डॉक्टर एकाच वेळी दोन ते चार खोल्यांतील भुलींचे मार्गदर्शन करीत असेल तर निम्मे त्याला आणि निम्मे परिचारिकेला. ती मार्गदर्शनाशिवाय एकटी काम करीत असेल तर सगळे तिला. मात्र मेडिकेअरने ठरविलेली रक्कम तिला पूर्ण मोबदला म्हणून स्वीकारावीच लागते. वर रोग्याकडून आणखी मागण्याची तिला मुभा नाही. स्वतःच्या नावाबरोबर स्वतःवरचे बंधनही आले.

ती एकटी काम करते कोठे? बहुधा खेड्यांत. अमेरिकेतही शहर सोडून दूर राहावयाला डॉक्टर तयार नसतात, आणि कित्येक ग्रामीण भागांत बाळंतपणाच्या किंवा अपघाताच्या शस्त्रक्रियेला भूल द्यावयाला हीच एक व्यक्ती असते. डॉक्टरच्या देखरेखीची मेडिकेअरची अट राज्याच्या गव्हर्नरने सोडून घ्यावी अशी तरतूद २००१ मध्ये झाली. आयोवा राज्याने पहिला अर्ज केला, आणि आता वीसहून अधिक राज्यांनी ती सवलत घेतली आहे. भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनांना हे पसंत नाही. बारा वर्षे शिकलेला माणूस जवळ असणे रोग्याच्या हिताचे आहे, हा त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भूल ही विमानासारखी असते. चढताना आणि उतरताना कसोटी लागते, आणि काही बिघडले तर हातात मिनिटेच असतात. माझे मत असे की, जेथे दोघे मिळतील तेथे दोघे असावेत, आणि जेथे एकच मिळते तेथे ती पुरती शिकलेली असावी.

सरकारी योजनेनंतर खाजगी विमा कंपन्या येतात. त्यांच्या यादीत नाव असणे याला तिकडे 'पार्टिसिपेट' करणे म्हणतात. यादीत असलेली परिचारिका कंपनीने ठरविलेला दर मान्य करते आणि कंपनी तिचे बिल सरळ चुकते करते. यादीत शिरताना जी तपासणी होते ती मला आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. नर्सिंगची पदवी कोठून, कोणत्या साली, भुलीचे शिक्षण मान्य संस्थेतून झाले काय, राज्याचा परवाना चालू आहे काय, राष्ट्रीय प्रमाणपत्राची मुदत संपली आहे काय, पूर्वी कोठे कोठे नोकरी केली, मध्ये काही महिने रिकामे असतील तर का, कोणी नुकसानभरपाईचा दावा लावला होता काय, हे सारे विचारतात. आणि विचारून थांबत नाहीत. प्रत्येक कागद ज्या संस्थेने दिला तिला थेट विचारून खातरजमा करतात. तिला दहा आकडी राष्ट्रीय क्रमांक असतो, तो सर्व कागदांशी जुळावा लागतो. या सगळ्याला कित्येकदा महिने जातात. तोवर ती काम करू शकते, पण तिच्या नावाचे बिल त्या कंपनीकडे चालत नाही.

शिवाय तिला स्वतःचा एक विमा असावा लागतो. तिच्या हातून रोग्याला इजा झाली आणि न्यायालयाने भरपाई ठरविली तर ती देण्यासाठी. पुष्कळ ठिकाणी एका दाव्यामागे दहा लाख डॉलर आणि वर्षाला तीस लाख डॉलर अशी मर्यादा मागतात. आकडा ऐकून छाती दडपेल, पण त्याचा अर्थ पाहा. जिच्या कामाची जबाबदारी दुसरा घेतो तिला असा विमा कोणी विचारत नाही. जिची जबाबदारी तिची स्वतःची, तिलाच विचारतात.

यादीतले आणि यादीबाहेरचे हा भेद रोग्याला किती जड जातो, तेही सांगावयास हवे. माणूस यादी पाहून इस्पितळ निवडी, शल्यविशारदही यादीतलाच निवडी. भूल देणारा मात्र कोणी निवडीत नाही, तो त्या दिवशी जो असेल तो. तो यादीबाहेरचा निघाला की घरी गेल्यावर हजारो डॉलरचे बिल येई. बेशुद्ध माणसाने कोणाची यादी पाहावी? अखेर डिसेंबर २०२० मध्ये या अनपेक्षित बिलांविरुद्ध कायदा झाला आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. आता अशा वेळी रोग्याने यादीतल्या दराप्रमाणे आपला हिस्सा द्यावयाचा, उरलेला वाद भूल देणारा आणि विमा कंपनी यांनी आपसांत मिटवावयाचा. परिचारिकांची लढाई संपली असेही नाही. २०२३ पासून एखाद-दुसऱ्या खाजगी कंपनीने स्वतंत्र काम करणाऱ्या परिचारिकेला ठरलेल्या दराच्या ८५ टक्केच देण्याचे धोरण आणले, त्यावर तंटा झाला.

हे झाले अमेरिकेचे. आता आपल्या घरी या.

आपल्या देशात भूल देण्याचा अधिकार डॉक्टरचा आहे. एमबीबीएस झाल्यावर त्या विषयात पुढील शिक्षण घेतलेला डॉक्टर भूलतज्ज्ञ होतो. त्याच्या मदतीला तंत्रज्ञ असतो, परिचारिका असते, पण भुलीची सूत्रे त्यांच्या हाती नसतात. विमा योजनेचे पाहावे तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत होते ते रुग्णालय. एका शस्त्रक्रियेमागे एक रक्कम ठरते, ती रुग्णालयाला मिळते, आणि तिच्यात परिचारिकेचे नाव कोठेही येत नाही. अमेरिकेत १९८९ पूर्वी जी स्थिती होती तिच्याशी ही जुळती आहे. तेव्हा कोणी फसव्या जाहिराती दाखवून 'सहा महिन्यांत भुलीचा कोर्स, लगेच अमेरिकेत नोकरी' असे सांगू लागला तर त्याला ओटीवरूनच परत पाठवा. भुलीतील तंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे आहे, तो चांगला आहे, परंतु तो नर्सिंग नव्हे आणि त्यावरून अमेरिकेतील सीआरएनए होता येत नाही. त्या वाटेचे दार नर्सिंगच्या पदवीचे आहे.

बीएस्सी नर्सिंगला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. म्हणजे निर्णय दहावीनंतर घ्यावयाचा आहे, बारावीनंतर घेतला तर उशीर झालेला असतो. महाविद्यालय नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे काय आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तेथल्या मुलींची नोंदणी होते काय, हे दोन प्रश्न फी भरण्यापूर्वी विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. इमारत किती मजल्यांची आहे हे पाहून प्रवेश घेणारे पालक मला भेटतात. इमारतीवर मुलीचा नोंदणी क्रमांक लिहिलेला नसतो. पदवीनंतर अतिदक्षता विभागात काम करावे. त्या शाखेत पुढे शिकण्याची सोयही आपल्याकडे झाली आहे. अमेरिकेतील परवान्याची परीक्षा भारतातील केंद्रांवरही देता येते. मग तिकडची नोकरी, तिकडचा अतिदक्षतेचा अनुभव, आणि नंतर भुलीचा प्रवेश. व्हिसाला वर्षे लागतात. इतके लांब जाणारी शंभरांत एखादीच निघेल, हे मला ठाऊक आहे. पण उरलेल्या नव्याण्णव जणींच्या हातात नोंदणी झालेली पदवी असेल, आणि ती सरकारी इस्पितळात, मुंबई-पुण्यात, कुवेत-दुबईत चालते.

आखाताचे नाव घेतले म्हणून सांगतो. आपल्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष तिकडे गेले, मिस्त्री म्हणून, ड्रायव्हर म्हणून, कारकून म्हणून. त्याच शहरांतील इस्पितळांत केरळच्या मुली परिचारिका म्हणून गेल्या. त्या कर्तबगारीने गेल्या हे खरे, पण कागद घेऊन गेल्या हेही खरे.

कागद म्हटला की पहिली अडचण नावाची. आमच्या शाळेच्या टेबलावर मी हे दर वर्षी पाहतो. मुलीचे नाव जनरल रजिस्टरमध्ये 'शेख नसीमबानो अब्दुल रहमान', आधार कार्डावर 'नसीम शेख', आणि जन्मदाखल्यावर नुसते 'बेबी ऑफ' पुढे आईचे नाव. इंग्रजीत मोहम्मद आपण चार तऱ्हांनी लिहितो, आणि चारही तऱ्हा एका घरात सापडतात. जन्मतारीख माहीत नाही म्हणून १ जून घालण्याची जुनी रीत होती, तिचे अवशेष अजून मिटलेले नाहीत. लग्न झाले की सासरचे नाव काही कागदांवर चढते, काहींवर चढत नाही. गावात यावाचून कोणाचे अडत नाही, नसीम ती नसीम. पण अमेरिकेतील विमा कंपनी असो की आखातातील आरोग्य खाते, जो माणूस टेबलाच्या पलीकडे बसला आहे त्याने नसीमला पाहिलेले नाही. तो केवळ अक्षरे जुळवितो. एक अक्षर जुळले नाही की फाईल बाजूला पडते. मुलीने आठ वर्षे रात्री जागून अभ्यास केलेला असतो आणि तिची वाट अडते ती तिच्या पाचव्या वर्षी कोणीतरी घाईत लिहिलेल्या नावापाशी. शाळेत असेपर्यंत दुरुस्ती सोपी आहे. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यावर ती फार कठीण होते.

पहिल्या दोन आक्षेपांबद्दल बोलेन असे म्हणालो होतो. रात्रपाळी आहे, ती नाही असे सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. वसतिगृह कसे आहे, जाण्यायेण्याची सोय काय, हे पालकांनी जरूर पाहावे. सेवेबद्दल एवढेच म्हणेन की, हजरत रुफैदा अल-अस्लमिया (रजि.) मदिनेत जखमींची शुश्रूषा करीत. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मशिदीतील त्यांच्या तंबूत ठेवण्यात आले होते. दिल्लीच्या जामिया हमदर्दने आपल्या नर्सिंग महाविद्यालयाला त्यांचेच नाव दिले आहे. ज्या कामासाठी मशिदीत जागा होती त्याला आपल्या घरात का नसावी, याचा विचार तुम्ही करा. आणि डोके झाकण्याची काळजी असेल तर शस्त्रक्रियागृहात डोके झाकल्याशिवाय कोणालाच आत सोडीत नाहीत, मग तो शल्यविशारद का असेना!

दहावीचे परीक्षेचे अर्ज भरण्यास लवकरच सुरुवात होईल. पुढील चारही शनिवारी शाळा सुटल्यावर मी कार्यालयात बसणार आहे. येताना मुलाचा किंवा मुलीचा जन्मदाखला, आधार कार्ड, आधीच्या शाळेचा दाखला असेल तर तो, आणि वडिलांचा पासपोर्ट असेल तर त्याची प्रत आणावी. नावाचे स्पेलिंग आपण तेथेच बसून एक करू. मुलीला बरोबर आणा, आपले नाव कसे लिहावयाचे हे तिलाही ठरवू द्या.